तडीचा डावा डोळा

कादंबरीला पहिली सोळा पानं नव्हती.
शहाद्याच्या वाचनालयातून आणली तेव्हाच नव्हती,
ग्रंथपालांनी तसं लिहूनही घेतलं माझ्याकडून.
त्यामुळे हंसावती किल्ल्यातून का पळाली
ते मला आणि केसरआत्याला कळलंच नाही.
ती आम्हाला भेटली थेट घाटात, अंधारात,
तडित नावाच्या घोडीवर.

सारंगखेड्याची यात्रा, मार्गशीर्षातली थंडी.
दावणीमागे आत्याची राहुटी, कंदील, कडब्याचा वास,
आणि मी, नववीतला, मोठ्यानं वाचणारा.
आत्याला अक्षर येत नव्हतं, घोडं येत होतं.
भोवरा बघून सांगायची, हे धन्याला टाकून पळेल.
'तडित' तिच्या जिभेवर बसेना, तिनं 'तडी' केलं,
मग मीही तसंच वाचू लागलो.

नदी ओलांडायला लेखकाला तीन प्रकरणं लागली.
लागतीलच, आत्या म्हणाली,
पुरात माणूस आधी घोडीला समजावतो, मग स्वतःला.
मधेच हात वर करायची :
थांब रे, घाट चढून आली, चंदी दिली का तिला कुणी?
मी पानं चाळायचो. दिली नव्हती.
मग मीच द्यायचो, दोन ओळी पदरच्या घालून,
आणि आत्या म्हणायची, हां, आता हाक.

पुढच्या यात्रेला तंबूत त्याच गोष्टीचा सिनेमा आला.
पुस्तकातला अमरसेन किल्ल्यावरचा हिशेबनीस,
पोहता न येणारा, शाईची बोटं धोतराला पुसणारा.
पडद्यावर त्याला छाती फुटली होती.
हंसावतीनं लगाम धरायचा, तर ती त्याच्यापुढे बसलेली,
केस उडवत. नदी अर्ध्या गाण्यात संपली.
किल्लेदार पुस्तकात शेवटी माफीचं पत्र लिहितो,
चार वेळा फाडतो.
इथं त्याला कड्यावरून ढकलला, लोकांनी शिट्ट्या मारल्या.
आणि घोडी आली. पांढरीशुभ्र, धुतलेली.
आत्या उठूनच उभी राहिली तंबूत :
'हाई ती घोडी नही शे! हिले दोन्ही डोया शेतस!'
मागचे ओरडले, बस ना बाई खाली.

खोटं कशाला बोलू, एक गोष्ट मात्र होती.
गाणं थांबल्यावर घोडी पाण्यातून वर आली
आणि तिनं अंग झटकलं.
बस, एवढंच. ना नायक, ना वाजंत्री.
थेंब उडाले ते पहिल्या रांगेतल्यांनी तोंडं फिरवली.
आत्या पुढे सरकून बसली.
परतताना, शेवेच्या दुकानांजवळ, म्हणाली,
हे तुझ्या पुस्तकात नव्हतं बरं का.
मग राहुटीपर्यंत दोघांनी मिळून शिव्या दिल्या
त्या दुसऱ्या डोळ्यासाठी.

परवा धुळ्याला, आग्रा रोडवरच्या रद्दीत, ती सापडली.
सोळा पानांसकट. दुकानदारानं त्या पानांचे वीस रुपये जास्त घेतले.
हंसावती पळाली त्याचं कारण साधंच निघालं,
आत्याला सांगितलं असतं तर म्हणाली असती, इतकंच?
अकराव्या पानावर घोडी : 'तेजस्वी नेत्रांची तडित.'
मी पुढं वाचत गेलो, घाट, नदी, तीनही प्रकरणं.
कुठंच तिचा डोळा जात नाही.

डोळा गेला होता तो आत्याच्या घोडीचा,
बाभळीच्या काट्यानं, डावा.
तीन यात्रा गिऱ्हाईक नाही.
मी वाचायचो तेव्हा ती माझ्या मागे उभी असायची,
मानेवर तिचा ऊन श्वास.
तो डोळा कुणी काढला गोष्टीतला,
आत्यानं विचारून, की मी चंदीसारखा घालून,
आता आठवत नाही. विचारायला आत्या नाही.
म्हणजे त्या एका बाबतीत
सिनेमा पुस्तकाला धरून होता,
आणि आम्ही दोघं नव्हतो.

रात्री अकरावं पान पुन्हा काढलं. मोठ्यानं वाचलं.
बायको म्हणाली, कुणाला वाचून दाखवताय?
'नेत्रांची'पाशी आलो
आणि जिभेवरून अनुस्वार गळून पडला.